विचारा, आम्ही सांगतो : मॅपचे पाच तास आणि खाडीचा टाइम

प्रश्न : एप्रिलमध्ये आई-बाबांना (दोघंही सत्तरीच्या पुढे) घेऊन दापोलीहून रत्नागिरीला जायचंय. सगळे म्हणतायत खेडला उतर आणि सरळ हायवे पकड, पण मला समुद्राकडच्या रस्त्याने जायचंय. मॅप पाच तास दाखवतो. एका दिवसात आरामात होईल का? आणि खरं सांगायचं तर जेटीवरून बोटीत गाडी चढवायची भीती वाटते.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : होईल की. फक्त ते पाच तास डोक्यातून काढून टाका आणि पूर्ण दिवस धरा, कारण या रस्त्यावर दोन खाड्या आडव्या येतात आणि खाडीला मॅप कळत नाही. दाभोळला वाशिष्ठीची, ती ओलांडली की पलीकडे धोपावे. मग गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला शास्त्रीची खाडी, तिच्यापलीकडे जयगड. पाण्यावरचा प्रवास दहा-पंधरा मिनिटांचाच, पण बोट समोरच्या काठाला असेल तर वाट बघा, शनिवार-रविवार असेल तर पुढे वीस गाड्या असतात. तरी फायद्याचंच आहे, दापोलीहून चिपळूणवरून वळसा घालून गुहागर केलंत तर शंभराच्या आसपास किलोमीटर पडतात.

भीतीचं म्हणाल तर ती पहिल्या वेळेपुरती. बोटीवरचा पोरगा हाताने खुणा करतो, त्याच्या हाताकडे बघायचं, मागे बसलेल्या काकांच्या सूचना ऐकायच्या नाहीत. पुढची चाकं लोखंडी फळीवर आली की धाडकन आवाज होतो, तो गाडीचा नाही, फळीचा. आत लागली की हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा. आई-बाबांना आधीच उतरवून चालत न्या, आत गाड्या इतक्या खेटून लावतात की नंतर दार उघडत नाही. पूर्ण ओहोटी असली की उतार जास्त होतो, बुटकी गाडी खाली घासते, तर शक्यतो भरतीच्या आसपास पोचा. भरती काढायचा कोकणातला जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर साधारण सहाला पूर्ण भरती (सकाळी आणि संध्याकाळीही), म्हणजे बाराच्या सुमाराला ओहोटी. मिनिटावर बरोबर येत नाही पण चालून जातं. हेदवीची बामणघळ बघायची असेल तर हाच हिशोब लागतो, कारण खडकातल्या त्या चिरेत पाणी उसळतं ते भरतीलाच, ओहोटीला गेलात तर नुसती भेग बघून याल. पण तिथे खडक निसरडे आहेत, आई-बाबांनी लांबूनच बघावं.

रस्ता म्हणाल तर मधे मधे मस्त, मधे मधे एकपदरी, डांबराची कड तुटलेली. सडा (कातळाचं पठार) लागला की दोन्ही बाजूला नुसता काळा कातळ आणि वाळलेलं पिवळं गवत, दहा-दहा मिनिटं माणूस नाही, आणि मग एकदम उतार, वळण, आणि खाली नारळी-पोफळी. वळणावर हॉर्न द्याच. समोरून एसटी येते किंवा जांभ्या चिऱ्यांनी भरलेला ट्रक, दोघंही मागे घेणार नाहीत, मागे तुम्हालाच घ्यायची आहे. एप्रिलमध्ये आंब्याच्या पेट्यांचे पिकअप असतात, ते तर वेगळ्याच घाईत.

अजून एक, शॉर्टकट दाखवला तरी घेऊ नका. मी एकदा घेतला होता. दोन गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) आरसे मिटून गाडी काढत काढत गेलो आणि पुढे निघाली पाखाडी, चक्क पायऱ्या! एका आजींनी अंगणातून बघितलं आणि म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात पण एक आलेला." अर्धा फर्लांग रिव्हर्स. रेंजही जाते, तेव्हा रस्ता विचारायचा तो दुकानदाराला नाहीतर एसटीच्या कंडक्टरला. पेट्रोल दापोलीलाच फुल करून निघा.

जयगडला बंदर आणि वीजप्रकल्पामुळे अवजड ट्रक लागतात, तेवढा पट्टा सोडला तर पुढे मालगुंडला केशवसुतांचं घर आहे (जन्म १८६६), बाबांना आवडेल. गणपतीपुळ्याला दर्शनाची रांग बघून काय ते ठरवा. आणि काही झालं तरी तिथून निवळीला जाऊन हायवे धरू नका, समुद्रालगतच्या आरे-वारेच्या रस्त्यानेच रत्नागिरीत शिरा. २५ एक किलोमीटरच आहेत आणि खरं तर सगळा दिवस याच्यासाठीच करायचा. आऱ्याचा पूल ओलांडून चढ चढलात की एका वळणावर दोन्ही किनारे एकदम दिसतात. तिथे गाड्या कशाही लावलेल्या असतात, तुम्ही नीट बाजूला घ्या. साडेपाच-सहाला पोचाल असं बघा.

प्रश्न : हाच रस्ता जुलैमध्ये बाइकवर केला तर?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हिरवंगार असतं, सगळ्या सड्यावर पाणी खळखळतं, मोह होतो हे मान्य. पण वारा चढला की बोट बंद ठेवतात, आणि तवसाळच्या धक्क्यावर भिजत उभं राहून हे कळण्यात मजा नाही, निघायच्या आधी जेटीवर फोन करा. दुसरं म्हणजे गुरं. पावसात डांबर तेवढं कोरडं आणि उबदार असतं म्हणून ती रस्त्याच्या मधोमध बसतात, आणि काळी म्हैस धुक्यात पाच फुटांवरून दिसते. सप्टेंबरपर्यंत थांबलात तर बरं, सड्यावर फुलंही असतात तेव्हा.