इरेजरला हात लावू नकोस

तू फोटोशॉपमध्ये केलेला फोटो पाहिला. नवरीच्या मागचं मंगल कार्यालय काढून घाट टाकलायस, कटिंग बरंच जमलंय. पण इरेजरने पुसलंस ना? म्हणून गजऱ्याची दोन फुलं गेली, आणि आता परत आणायला काही उरलं नाही.

त्याऐवजी लेयर मास्क लाव, म्हणजे फोटोच्या थरावर (लेयरवर) असा पडदा, जो भाग न पुसता नुसता लपवतो. मास्कवर काळा रंग लपवतो, पांढरा परत आणतो, करडा अर्धवट दाखवतो. एवढंच गणित. मास्क निवडून कीबोर्डवर डी दाबलं की काळा-पांढरा मिळतो, एक्सने अदलाबदल होते. ब्रश मऊ ठेव, फ्लो (एका फटकाऱ्यात किती रंग उतरतो ते) १० टक्क्यांच्या आसपास. केसांच्या कडेला घाई केलीस की हेल्मेट घातल्यासारखं दिसतं. ऑल्ट धरून लेयरच्या यादीतल्या मास्कच्या छोट्या चित्रावर क्लिक केलंस की नुसता मास्क दिसतो. राहिलेले ठिपके तिथे पटकन सापडतात.

खरी गडबड वेगळीच आहे. नवरीच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून, घाटातलं ऊन उजवीकडून! मास्क कितीही सफाईदार असो, बघणाऱ्याला खटकतंच. (मी एकदा नवरा-नवरीच्या सावल्या दोन दिशांना पाडल्या होत्या. घरचे अजून हसतात.) घाटाचा फोटो आडवा फ्लिप कर, फक्त त्यात पाटी नाही ना ते बघ. शिवाय हॉलच्या दिव्यांचा पिवळेपणा तिच्या अंगावर तसाच आहे. वर कर्व्हज लेयर (उजेड आणि रंग बदलणारा थर) घे, तो तिच्याच लेयरला क्लिप कर, म्हणजे बदल फक्त तिच्यावर होईल, आणि पिवळेपणा कमी करायला ब्लू चॅनेल (निळ्या रंगाची रेघ) किंचित उचल.

आणि हो, फाइल पीएसडीतच (फोटोशॉपच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये) ठेव. जेपीजीत लेयर राहत नाहीत.