विम्याच्या केसेस नव्याने घेणाऱ्या वकिलांसाठी

लातूर, बीड, नांदेडकडे पक्षकार बहुतेक वेळा पॉलिसीचं पहिलं पान तेवढं घेऊन येतो. त्यावर नोटीस काढू नका. प्रपोजल फॉर्मची (विमा घेताना भरलेल्या अर्जाची) प्रत, हप्त्याच्या पावत्या आणि दावा नाकारल्याचं पत्र हाती आल्याशिवाय मसुद्याला बसायचं नाही.

आयुर्विम्यात ‘आजार लपवला’ हे कंपनीचं ठरलेलं कारण. इथे विमा कायदा १९३८, कलम ४५ बघा: ३ वर्षांनंतर पॉलिसीवर कोणत्याही कारणाने आक्षेप घेता येत नाही. मात्र पॉलिसी दिल्याची, जोखीम सुरू झाल्याची, पुनरुज्जीवनाची (बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केल्याची) किंवा रायडरची (पॉलिसीला जोडलेल्या जादा संरक्षणाची), यांतली जी तारीख सर्वांत शेवटची, तिथून ही वर्षं मोजायची. सोयाबीनचे पैसे हाती येईपर्यंत हप्ता थकतो, पॉलिसी बंद पडते, मग ती चालू करून घेतात. मुदत तिथून नव्याने. नवे वकील नेमके इथेच फसतात. ३ वर्षांच्या आत प्रकरण असेल आणि फसवणूक नसून नुसती चुकीची माहिती असेल, तर दावा गेला तरी भरलेले हप्ते ९० दिवसांत परत मिळायला हवेत. ते मागायचं बरेच जण विसरतात.

ग्राहक आयोगाची मुदत २ वर्षं. अधिकारक्षेत्र भरलेल्या हप्त्यावर ठरतं, दाव्याच्या रकमेवर नाही. विमा लोकपालाकडे १ वर्ष, पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवी, आणि तिथे वकिलाला उभं राहता येत नाही. म्हणून अर्जातच तारखा आणि कागद क्रमाने लावून द्या, पक्षकार बोलताना अडखळला तरी चालेल. फी मात्र आधीच बोलून घ्या.