विचारा तर खरं : ऑपेराला जायचंय, इंग्रजी कुठलं लागेल?

प्रश्न : मुलगा-सून लंडनला असतात, मी आणि हे जूनमध्ये जातोय. सूनबाई म्हणतेय कोव्हेंट गार्डनला ऑपेरा दाखवते. माझं इंग्रजी शिकणं अजून चालूच आहे, म्हणून नेटवरून ऑपेराच्या शब्दांची यादी काढली तर त्यात सगळं इटालियनच! पाठ करू का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नका हो करू ताई. ती यादी गाणं शिकणाऱ्यांच्या कामाची. बघायला जाणाऱ्याचं अडतं ते साध्या इंग्रजीत, आणि तेही तिकीट काढतानाच. आपल्या जुन्या टॉकीजमध्ये स्टॉल म्हणजे स्वस्त आणि बाल्कनी म्हणजे रुबाब, तिकडे साधारण उलटं असतं, 'स्टॉल्स' म्हणजे खालची, स्टेजसमोरची महागडी जागा, आणि वर वर चढत जाल तसा दर उतरत जातो. कोव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये सगळ्यात वर 'अँफिथिएटर' आहे, नाव भारदस्त पण बसायचं माळ्यावर, माणसं छोटी दिसतात. 'रिस्ट्रिक्टेड व्ह्यू' लिहिलं असेल तर समजायचं की स्टेजचा काही भाग दिसणार नाही, म्हणूनच तिकीट स्वस्त. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये, म्हणजे लोक ज्याला नुसतं 'मेट' म्हणतात तिथे, त्याच खालच्या जागेला 'ऑर्केस्ट्रा' म्हणतात, घाबरू नका, वादकांच्या मांडीवर बसवत नाहीत, वादक पुढे खड्ड्यात असतात आणि त्या खड्ड्याला 'पिट' म्हणतात. मध्यंतर लंडनमध्ये 'इंटरव्हल', अमेरिकेत 'इंटरमिशन'. माहितीपुस्तक मेटमध्ये फुकट मिळतं, लंडनमध्ये विकत घ्यावं लागतं, तेव्हा हातात दिलं म्हणून लगेच 'थँक्यू' म्हणून निघू नका.

आणि भाषेची चिंता सोडा. गाणं इटालियनमध्ये असलं तरी स्टेजच्या वर इंग्रजी ओळी दिसतात, त्यांना 'सरटायटल्स' म्हणतात. 1983 मध्ये टोरांटोच्या कॅनेडियन ऑपेरा कंपनीने 'एलेक्ट्रा' या ऑपेराच्या वेळी त्या पहिल्यांदा वापरल्या, मेटने 1995 मध्ये पुढच्या खुर्चीच्या पाठीवरच पट्टी बसवली. इंग्रजी शिकणाऱ्याला तर हे सोनंच आहे, वाक्यं छोटी, आणि गाणारा एकेक ओळ इतका घोळवतो की तुमचं वाचून, समजून, वर ह्यांना सांगून पण होतं.

प्रश्न : आरिया आणि रेसिटेटिव्ह, फरक काय? दोन्हीत गातातच ना? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : गातातच, पण रेसिटेटिव्हमध्ये बोलल्यासारखं गातात आणि गोष्ट पुढे सरकते, कोण आलं, कोणाची चिठ्ठी सापडली, कोण कपाटात लपलं. आरियामध्ये गोष्ट थांबते आणि पात्र आपल्या मनातलं गातं. मोझार्टचं 'द मॅरेज ऑफ फिगारो' (1786) लावून ऐक, नुसत्या हार्प्सिकॉर्डच्या (पियानोसारखं जुनं वाद्य) टणत्कारांवर भराभरा बोलणं चाललंय ते रेसिटेटिव्ह, सगळा ऑर्केस्ट्रा उठला की बहुतेक वेळा आरिया. त्यातले शब्द लोरेन्झो दा पोंतेचे, अशा संहितेला 'लिब्रेटो' म्हणतात. मोझार्टच्याच 'द मॅजिक फ्लूट'मध्ये मात्र मधले संवाद चक्क बोलतात, गात नाहीत, त्यामुळे संगीत नाटकं बघितलेल्या आपल्या माणसाला ते सगळ्यात जवळचं वाटतं, मी तर सुरुवात तिथूनच करा म्हणेन.

प्रश्न : गाणं आवडलं तर 'वन्समोअर' ओरडलं तर चालेल का? (एक नाट्यवेडे आजोबा, पुणे)

उत्तर : आजोबा, बालगंधर्वांच्या काळापासून आपण हक्काने ओरडत आलोय आणि शब्दही अस्सल इंग्रजी, गंमत म्हणजे इंग्रज मात्र तो तिथे वापरत नाहीत. ते म्हणतात 'ऑन्कोर', शब्द फ्रेंच, आणि फ्रेंच लोक स्वतः म्हणतात 'बिस'! पण ओरडून उपयोग कमीच, मोठ्या ऑपेरा हाऊसमध्ये आरिया परत म्हणायची पद्धत जवळजवळ बंद झालीये. 2008 मध्ये मेटला हुआन दिएगो फ्लोरेस या पेरूच्या टेनरने, म्हणजे उंच पट्टीच्या गायकाने, दोनिझेत्ती या इटालियन संगीतकाराच्या ऑपेरातली नऊ 'हाय सी' (फार वरचा सूर) असलेली आरिया दुसऱ्यांदा म्हटली तर त्याची बातमी झाली, कारण 1994 नंतर तिथे असं घडलंच नव्हतं. दाद द्यायची तर पुरुषाला 'ब्रावो', बाईला 'ब्रावा', सगळ्यांना मिळून 'ब्रावी'. अमेरिकेत बरेच जण सरसकट 'ब्रावो'च ओरडतात, कोणी रागवत नाही. पण आरिया पूर्ण होऊ द्या हं, सम आल्यासारखं वाटलं म्हणून मध्येच 'क्या बात है' नको, शेजारचे वळून बघतील.

प्रश्न : 'मेझो' की 'मेत्सो'? आणि 'बास' की 'बेस'? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मेत्सो, म्हणजे बाईचा मधल्या पट्टीतला आवाज. आणि खालच्या पट्टीतला पुरुषी आवाज म्हणजे 'बेस'. स्पेलिंग तेच ठेवून 'बॅस' म्हणालात तर तो मासा होतो.

प्रश्न : माझी टीम लीड अमेरिकन आहे, मीटिंगमध्ये एका सहकाऱ्याबद्दल म्हणाली 'ही इज सच अ प्रिमा डोना'. तो गातो वगैरे नाही. कौतुक होतं का? (एक आयटीवाली, हिंजवडी)

उत्तर : अजिबात नाही! ऑपेरात प्रिमा डोना म्हणजे मुख्य गायिका, मानाची जागा, पण रोजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ नखरेल, स्वतःला फार शहाणा समजणारा, पुरुषालाही लावतात. 'दिवा' (diva, म्हणजे नामवंत गायिका) जरा नशीबवान, तो टोमणाही होतो आणि कौतुकही, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचं. अजून एक ऐकू येईल, 'इट इजन्ट ओव्हर टिल द फॅट लेडी सिंग्ज', हे अमेरिकेत मॅचच्या वेळी फार चालतं, म्हणजे शेवटपर्यंत निकाल लागलेला नाही, डोळ्यासमोर आणायची ती वाग्नर या जर्मन संगीतकाराच्या ऑपेरातली शिरस्त्राण घातलेली दणकट नायिका ब्रूनहिल्डे. ऑफिसमध्ये मात्र जपून वापर, एखादीला लागेल. आणि 'सोप ऑपेरा' म्हणजे आपल्या सात-साडेसातच्या सिरीयली, तिकडे 1930 च्या दशकात रेडिओवरच्या रडक्या मालिकांना साबण कंपन्या पैसे पुरवायच्या म्हणून ते नाव पडलं, त्यात गाणारं कोणी नसतं, टायटल साँग सोडलं तर.