‘पात्र सोडू नका’ असं लिहावं का?

घणसोलीच्या एका वाचकाचा प्रश्न आलाय. ते आणि त्यांचे ऐरोली, कळवा, घोडबंदर रोडकडचे मित्र मिळून जीटीए फाइव्ह या व्हिडिओ गेमचा एक रोलप्ले सर्व्हर चालवतात. गेम तोच, लॉस सँटोस शहर तेच. पण इथे मिशन वगैरे कुणी खेळत नाही. कुणी टॅक्सी चालवतो, कुणी हवालदार होतो, कुणी दवाखान्यात डॉक्टर, आणि माइकवर सगळे त्या त्या माणसासारखे बोलतात. नव्याने येणाऱ्यांसाठी त्यांनी मराठीत नियम लिहायला घेतले आणि तीन वाक्यांवर घोडं अडलं: ‘भूमिका घेऊन खेळा’, ‘आपला रोल नीट निभवा’ आणि ‘कोणत्याही परिस्थितीत पात्र सोडू नका’. शेवटच्या वाक्यावर ग्रुपमध्ये हशा पिकला म्हणे. तेव्हा बरोबर मराठी काय, आणि मेटागेमिंग, पॉवरगेमिंग या शब्दांचं काय करायचं, असं त्यांनी विचारलंय.

हशा पिकला ते रास्तच आहे. जुलै-ऑगस्टात उल्हास नदीच्या बातम्या वाचणाऱ्या माणसाला ‘पात्र सोडू नका’ हा पाटबंधारे खात्याने नदीला दिलेला दम वाटणार. ‘पात्रात राहा’ म्हटलं तर भांडं डोळ्यांसमोर येतं. शब्द चुकीचा नाही. नाटकातलं, कादंबरीतलं पात्र आपण रोज म्हणतो. पण पात्र रंगवतात, उभं करतात. शिरायचं आणि बाहेर यायचं काम मराठीने भूमिकेकडे दिलंय. नट भूमिकेत शिरतो, प्रयोग संपला तरी भूमिकेतून बाहेर येत नाही, अशी वाक्यं गडकरी रंगायतनच्या कट्ट्यावर कधीही ऐकू येतील. म्हणून इन कॅरेक्टर, आउट ऑफ कॅरेक्टर या जोडीला ‘भूमिकेत’ आणि ‘भूमिकेबाहेर’ हे सरळ, तयार शब्द आहेत. नियम लिहा: प्रसंग संपेपर्यंत भूमिकेत राहा.

मात्र ‘भूमिका घेऊन खेळा’ लिहू नका. भूमिका करणे वेगळं आणि भूमिका घेणे वेगळं. नट भूमिका करतो. पक्ष, संघटना, संपादक भूमिका घेतात, मांडतात, बदलतात. तुमचं वाक्य वाचून नवा खेळाडू दरोड्याच्या वेळी आपल्याला नक्की कशाला विरोध करायचाय याचा विचार करत बसेल.

‘निभवा’ हे हिंदी मालिकांच्या वाटेने आलेलं. निभावणे मराठीत आहे, पण आपल्याकडे ‘वेळ निभावून नेली’, ‘एवढ्या पगारात निभाव लागत नाही’ असं म्हणतात. म्हणजे जेमतेम पार पडणं. चांगली झालेली भूमिका मराठीत ‘वठते’. इथे एक खाचखळगा आहे. चेक वटतो, भूमिका वठते आणि झाडही वठतं, पण झाड वठलं की ते वाळून गेलेलं असतं. शिवाय भूमिका वठली की नाही हे पाहणाऱ्याने सांगायचं. नवख्याला पहिल्याच ओळीत ‘भूमिका वठवा’ अशी ताकीद देणं मला जरा जड वाटतं. ‘भूमिका करा’ पुरे.

आता माझा आवडता शब्द, जो तुमच्या नियमांत कुठेच नाही: सोंग. बोलण्यात आपण त्याला पार खाली आणून ठेवलंय. ‘सोंगं पुरे’ म्हणजे नाटकं बंद कर. झोपेचं सोंग, आजारपणाचं सोंग, आणि सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं आणता येत नाही. पण लोककलांमध्ये हा मानाचा शब्द आहे. मोखाडा-जव्हारकडे, जो भाग २०१४ मध्ये पालघर जिल्हा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता, बोहाड्यात मुखवटे चढवून देवादिकांची सोंगं नाचवतात. तमाशातला सोंगाड्या तर हजरजबाबीपणावरच उभा असतो. आणि कोकणातला दशावतार, ज्याचे प्रयोग ठाण्या-मुंबईत चाकरमान्यांमुळे होत राहतात, त्याला लिहिलेली संहिताच नसते. कथा ठरलेली, पात्रं ठरलेली, संवाद मात्र रंगमंचावर समोरच्याचं ऐकून तिथल्या तिथे रचायचे.

रोलप्ले म्हणजे नेमकं हेच. इंग्रजीतला रोल हा शब्द फ्रेंचमधून आला, त्याचं मूळ नटाचे संवाद लिहिलेल्या कागदाच्या गुंडाळीत आहे. आपल्या संगीत नाटकांच्या जमान्यातही नटाला त्याच्या संवादांची ‘नक्कल’ मिळायची आणि तो ती पाठ करायचा. तुमच्या सर्व्हरवर ना गुंडाळी ना नक्कल. त्यामुळे खरं नातं रंगायतनमधल्या नाटकाशी कमी आणि दशावताराशी जास्त. दशावतारी नट समोरच्याचं वाक्य खाली पडू देत नाही, आणि नवख्याला सांगायची पहिली गोष्ट हीच: समोरचा जे देतो ते उचला. कुणी टॅक्सीत बसून म्हणाला, ‘काय राव, परवा तुझ्याच गाडीत छत्री राहिली माझी’, तर ‘मी तर आजच जॉइन झालो’ म्हणून प्रसंग मारू नका. ‘ती काळी? ती आमच्या मंडळीने नेली बाजारात’ म्हणा. पुढचा प्रसंग आपोआप उभा राहतो.

तुकोबांच्या एका अभंगात ‘संपादिलें सोंग’ असा प्रयोग आहे आणि पुढेच ‘आपुलें स्वरूप जाणतसों’ असं म्हटलंय. तिथला विषय फार वरचा, पण शब्दांपुरतं बोलायचं तर भूमिकेत आणि भूमिकेबाहेर ही जोडी इतक्या थोडक्यात मी दुसरीकडे वाचलेली नाही. सोंग पुरतं वठवायचं आणि आपण कोण हे विसरायचं नाही. ज्या हवालदाराने तुम्हाला आत टाकलं त्याला डिस्कॉर्डवर, म्हणजे खेळाडूंच्या गेमबाहेरच्या गप्पांच्या अ‍ॅपवर, जाऊन शिव्या घालणारा दुसरं अर्धं विसरलेला असतो.

यापुढचा मुद्दा तुम्ही विचारला नाही, पण मराठी सर्व्हरला तोच सगळ्यांत जास्त लागू आहे. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. आपल्याकडे तू, तुम्ही, अरे, अहो, आणि त्यात दादा, काका, साहेब. माझ्या पुतण्याच्या मागे बसून एक प्रसंग ऐकला. हवालदार झालेला मुलगा कॉलेजातला, अडवलेल्या गाडीतला खेळाडू महाप्याच्या एका आयटी कंपनीत काम करणारा, चाळिशीकडे झुकलेला.

‘ए, गाडी बाजूला घे. लायसन काढ.’

‘साहेब, घरी राहिलं ओ. पोराला शाळेत सोडायचंय, जाऊ द्या ना.’

‘घरी राहिलं म्हणजे? मग… काका, आता कसं करायचं, तुम्हीच सांगा ना.’

आवाज तोच, टोपी तीच, पण ‘काका’ म्हटल्याबरोबर हवालदार गेला आणि कॉलेजातला मुलगा उरला. मोठ्या माणसाला अरे-तुरे करायला जीभ रेटत नाही, हा संस्कार चांगलाच आहे. पण म्हणून भूमिका ठरवताना नाव आणि धंद्याबरोबर हेही ठरवून टाकावं: माझं पात्र कोणाला तू म्हणतं, कोणाला तुम्ही. हवालदार म्हणून अरे-तुरे जड जात असेल, तर सगळ्यांशी अहो-जाहोने बोलणारा हवालदार उभा करा. तसे असतात, आणि ते जास्त भीतिदायक वाटतात. प्रसंग संपल्यावर मात्र मूळ संबोधनावर परत यायचं. त्या दोघांनी तेच केलं. गाडीवाला म्हणाला, ‘मस्त केलंस रे’, आणि हवालदार म्हणाला, ‘थँक्यू दादा, मघाशी ए म्हटलं, राग नका मानू.’ काकाचा दादा कधी झाला ते विचारू नका.

याचा उलटा फायदाही आहे. कुणाला खरोखरच त्रास होत असेल, प्रसंग थांबवायचा असेल, तर संबोधन बदललं की मराठी कानाला लगेच कळतं. तरी त्यावर विसंबू नका. भूमिकेबाहेरचं बोलणं बहुतेक ठिकाणी वेगळ्या चॅटमध्ये किंवा दुहेरी कंसात लिहितात, तो रिवाज ठेवाच. आणि कुणी ‘हे नको’ म्हटलं की तिथे भूमिका संपली.

बोलीबद्दलही एक सांगतो. आगरी किंवा मालवणी बोलणारं पात्र करायला हरकत नाही, पण बोली येत असेल तरच. चार शब्द उचलून नुसता हेल काढला की ती नक्कल होते, तीही दुसऱ्या अर्थाने. तुमच्या सर्व्हरवर ऐरोली-घणसोलीचे खरे आगरी खेळाडू असणार. ते आधी हसतील, मग दुसऱ्या गाडीत बसतील.

आता मेटागेमिंग. पात्राला ठाऊक नसलेली गोष्ट खेळाडूला ठाऊक आहे म्हणून वापरायची, याला हे नाव. दुसऱ्याचं लाइव्ह स्ट्रीम बघून दरोड्याच्या जागी बरोबर हजर होणं, डोक्यावर तरंगणारं नाव वाचून अनोळखी माणसाला नावाने हाक मारणं, पात्र बेशुद्ध पडल्यावर गेमबाहेरच्या फोन कॉलवर मित्राला ‘बँकेच्या मागे ये’ सांगणं. याला मराठीत एक शब्द जणू वाटच बघत होता: आगाऊपणा. आगाऊ म्हणजे वेळेआधीचं, जसं आगाऊ आरक्षण. आणि आगाऊ म्हणजे नको तिथे पुढे पुढे करणारा. दोन्ही अर्थ इथे एकदम लागू पडतात. नियमात ‘मेटागेमिंग म्हणजे आगाऊपणा’ असं एकदा लिहा, पुढे खेळाडू काय वापरतात ते त्यांच्यावर सोडा.

पॉवरगेमिंगला माझा शब्द दांडगाई. समोरच्याला काही करायची संधीच न देता निकाल आपणच लावून टाकायचा, ही दांडगाई. ती बंदुकीपेक्षा क्रियापदात जास्त दिसते. चॅटमध्ये आधी स्लॅश-मी (/me) लिहून आपली कृती तृतीय पुरुषात सांगायची पद्धत तुम्हाला माहीत आहे. मजकुरावर चालणाऱ्या जुन्या खेळांपासून हे वळण आहे. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात ‘मड’ तयार झाला तेव्हा पडद्यावर चित्र नव्हतंच, सगळं लिहूनच करायचं. आता ही दोन वाक्यं बघा. ‘खिशातून पाकीट काढून घेतो.’ ‘खिशात हात घालू पाहतो.’ पहिल्यात काम झालंसुद्धा. दुसऱ्यात समोरच्याला मनगट धरायला वाव आहे.

मराठीत यासाठी सहायक क्रियापदांची अशी सोय आहे की नवख्यांना चार उदाहरणांतच समजेल. ‘बांधून टाकतो’, ‘हिसकावून घेतो’, ‘पाडून ठेवतो’ यांतल्या टाकणे, घेणे, ठेवणे यांनी कृती पुरी झाल्याचा शिक्का मारलेला असतो. ‘बांधायला जातो’, ‘हिसकावू बघतो’, ‘पाडायचा प्रयत्न करतो’ यांत प्रसंग उघडा राहतो. दुसऱ्याच्या अंगावर, खिशावर, गाडीवर जाणारं काहीही दुसऱ्या प्रकारात लिहायचं. स्वतःपुरतं असेल तर ‘चहा पिऊन टाकतो’ खुशाल लिहा. निकाल विचारायला तशीच स्लॅश-डू (/do) ही आज्ञा आहेच: ‘खिशात काही सापडेल का?’ त्याचं उत्तर खरं द्यायचं. इथे खोटं बोलणं पात्राचं नसतं, खेळाडूचं असतं, आणि ते खपवून घेऊ नये.

बाकीचे शब्द पटकन उरकतो. फिअर आरपीला (आरपी म्हणजे रोलप्ले) ‘जिवाची भीती’: कानशिलाला पिस्तूल लागलं की हात वर, हिरोगिरी नाही. न्यू लाइफ रूलला ‘नवा जन्म’. मरून परत आलात तर कोणी मारलं ते पात्राला आठवत नाही, सूड नाही, त्या जागी परत जाणं नाही. आरडीएम (उगाच कुणालाही मारणं) आणि व्हीडीएम (गाडीने चिरडणं) यांना वेगळी नावं शोधू नका, ‘कारणाशिवाय गोळी नाही, गाडी अंगावर घालणं नाही’ एवढं वाक्य पुरेल. व्हाइटलिस्ट (प्रवेश मिळालेल्यांची यादी), सर्व्हर, माइक तसेच राहू द्या. माइकला ध्वनिग्राहक म्हणणाऱ्याशी कोण खेळणार?

तांत्रिक अडचणी भूमिकेत राहून सांगायची जी चाल आहे, ती जरूर शिकवा. गेम बंद पडून परत आलात की ‘इंटरनेट गेलं होतं’ न म्हणता ‘जरा भोवळ आली होती’ म्हणायचं. सर्व्हर रीस्टार्ट होणार असेल तर काही ठिकाणी त्सुनामी येतेय अशी दवंडी पिटतात. तुमच्याकडे ‘खाडीला उधाण येतंय, घरी जा’ चालेल.

राहिला लिंगाचा प्रश्न, जो तुम्ही ताजा कलम म्हणून टाकलाय: आरपी केला, केली की केलं? रोलप्ले पूर्ण म्हटला तर माझ्या कानाला पुल्लिंगी लागतो, ‘झकास रोलप्ले केला’. नुसतं आरपी म्हटलं की शेवटच्या ईकारामुळे तो स्त्रीलिंगी होतो, ‘काय आरपी केली रे’. कॅरेक्टर मात्र नपुंसकलिंगी, ‘त्याचं कॅरेक्टर मेलं’. नियमावलीत कुठलंही घ्या, पण पहिल्या पानावर केला आणि तिसऱ्यावर केली असं होऊ देऊ नका.