मधमाशी चावल्यावर अंगभर पित्त उठून माणूस घेरी येऊन पडला, तर ते नुसतं पित्त असतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की डाळिंबाच्या बागेत तुमच्या मालकांना (नवऱ्याला) दोनच मधमाश्या चावल्या, पाच-दहा मिनिटांत अंगभर पित्त उठलं, ओठ सुजले, उलटी झाली आणि ते बांधावरच घेरी येऊन पडले. तुम्ही आमसुलाचं पाणी लावलं, गावातल्या दवाखान्यात एविल (ॲलर्जीचं औषध) आणि डेका (डेक्सामेथासोन, म्हणजे स्टिरॉइड) यांची इंजेक्शनं झाली, संध्याकाळपर्यंत बरं वाटलं. याआधी कितीदा तरी माशी चावली होती, तेव्हा काही झालं नाही, मग आताच का? आणि परत चावली तर काय करायचं?

मी सोलापुरात कॅज्युअल्टीत सिस्टर म्हणून २२ वर्षं काढली. तुमच्या वर्णनावरून मला तरी ते पित्त वाटत नाही. ती ॲनाफिलॅक्सिस असणार, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी. मालक त्यातून सुटले याचा मला मनापासून आनंद झाला, पण परत तसंच सुटतील यावर विसंबू नका.

आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की पित्त म्हणायचं, आणि पित्त म्हटलं की आमसूल, एविलची गोळी आणि जरा पडून राहणं. नुसत्या गांधी असतील तर ते चालून जातं. पण माशी चावल्यावर, काही खाल्ल्यावर किंवा औषध घेतल्यावर गांधींच्या जोडीला दम लागला, आवाज बसला, घसा आवळला, घेरी आली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर पित्त हा शब्दच मनातून काढून टाका. त्या शब्दात वेळ जातो. अशा ॲलर्जीने दगावलेल्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा वेळ माशीच्या दंशात साधारण १५ मिनिटं, खाण्यातून ३० मिनिटं आणि दवाखान्यात दिलेल्या औषधातून अवघी ५ मिनिटं निघाला. आणि दर दहा रुग्णांत एक-दोघांच्या अंगावर एकही गांध उठत नाही, थेट बीपी पडतं.

आताच का, याचं उत्तर १९०२ सालचं आहे. शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्रफुलाचं (फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याचं) विष कुत्र्यांना थोडं थोडं टोचून पाहिलं. विषाची सवय होईल अशी त्यांची अपेक्षा. झालं उलटंच. पहिला डोस पचवलेला धडधाकट कुत्रा काही आठवड्यांनी अगदी थोड्या विषाने काही मिनिटांत मेला. रिशेंना १९१३ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. मालकांचंही तसंच झालं असावं. आधीच्या एखाद्या दंशात शरीराने त्या विषाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवली, आणि या वेळी विष आत जाताच पेशींनी हिस्टामिन आणि तशीच बाकीची रसायनं एकदम सोडली. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यातून पाणी झिरपतं, घसा सुजतो, श्वासनलिका आवळते.

यावर पहिलं औषध एकच, ॲड्रेनलिन. ते रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका मोकळी करतं आणि पेशींमधून रसायनं सुटणंही रोखतं. एविल गांधी आणि खाज कमी करते. बीपी वर आणत नाही, सुजलेला घसा उघडत नाही. डेकाचा असर दिसायला काही तास जातात. ही दोन्ही नंतर द्यायला हरकत नाही, पण ॲड्रेनलिनच्या जागी नाहीत. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत द्यायचं. दंडापेक्षा मांडीतून ते लवकर चढतं. १ मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये (काचेच्या कुपीत) १ मिलिग्रॅम औषध असतं. मोठ्या माणसाला त्यातलं अर्धं, ०.५ मिली, आणि मुलांना वजनाच्या दर किलोला ०.०१ मिली. पाच ते पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर परत. हृदय धडधडतं, हात थरथरतात, पण त्या भीतीने हात आखडता घेऊ नये. स्नायूतला हा डोस साध्या माणसाला सहसा इजा करत नाही, उशीर मात्र जीव घेतो.

एक रात्र मी विसरत नाही. अंगदुखीसाठी कुठेतरी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घेऊन आलेला यंत्रमाग कामगार. ॲड्रेनलिन दिलं, बीपी वर आलं, तो बोलायला लागला. आम्ही जरा वळलो आणि लघवीला जायचं म्हणून तो उठून उभा राहिला. तिथेच कोसळला. बीपी पडलेलं असताना उभं केलं की हृदयात परत येणारं रक्तच आटतं. दुसरा डोस, भरभर सलाइन, पाय उंच, तेव्हा कुठे नाडी लागली. तो वाचला. म्हणून पाया पडून सांगते, अशा माणसाला चालवत, मोटरसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेऊ नका. आडवं करा, पाय उशीवर. दम लागत असेल तर पाय लांब ठेवून टेकून बसवा, उलटी होत असेल तर कुशीवर. गरोदर बाईला डाव्या कुशीवर. आणि १०८ ला फोन करून "ॲलर्जी झालीय, श्वास अडकलाय, बीपी पडलंय" असं स्पष्ट सांगा. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांबा, कारण हे कधीकधी काही तासांनी परत उसळतं.

मधमाशीची नांगी कातडीत राहते, ती नखाने किंवा कशानेही ताबडतोब काढा. गांधीलमाशी नांगी ठेवत नाही. आग्या मोहोळ उठून शेकडो माश्या चावल्या तर ते प्रकरण निराळं. तिथे ॲलर्जी नसली तरी विषच किडनीवर जातं, लगेच दवाखाना.

बाकी कारणं म्हणजे पेनिसिलिनसारखी अँटिबायोटिक्स, वेदनाशामकं, कोळंबी, मासे, अंडी, दूध, तीळ, काजू, आणि शेंगदाणे. हे शेवटचं सोलापुरात फार जपायला लागतं. इथे शेंगाचटणी ताटात नसेल तर जेवण झाल्यासारखं वाटत नाही, आणि दाण्याचं कूट भाजीत न सांगता पडतं. ज्या मुलाला शेंगदाणा चालत नाही त्याला "चिमूटभराने काय होतंय" म्हणून कुणी भरवू नये, हुरड्याला गेल्यावर तर नाहीच.

निदान लक्षणांवरूनच होतं, कुठल्याही रिपोर्टसाठी इंजेक्शन थांबवायचं नाही. रक्तातलं ट्रिप्टेज (ॲलर्जीत त्याच पेशींतून सुटणारं एक रसायन) नंतर पुराव्यासाठी उपयोगी, पण नमुना एक-दोन तासांत, फार तर चार तासांत घ्यावा लागतो. तुमची ती वेळ गेली. आता चार ते सहा आठवड्यांनी ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे मधमाशीच्या विषाची आयजीई तपासणी करा. शंभर पदार्थांची यादी देणारी आयजीजीची (ही वेगळी प्रतिपिंडं) पॅनल करू नका, त्यातून काही कळत नाही.

पेनसारखं तयार इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळत नाही. म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन दोन ॲम्प्यूल आणि सिरिंज घरात ठेवा, औषध कसं ओढायचं आणि टोचायचं ते त्यांच्यासमोर करून शिका, डोस चिठ्ठीवर लिहून डब्याला चिकटवा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत डबा ठेवू नका, उन्हाने औषध निकामी होतं. रंग पिवळट-तपकिरी झाला की फेकून द्या. बागेतला एक गडीही शिकवून ठेवा, कारण मालक स्वतः टोचून घेण्याच्या अवस्थेत नसतील. लसीकरण जिथे होतं तिथे ॲड्रेनलिनचं किट ठेवावं लागतं, म्हणून जवळचं आरोग्य केंद्र किती वाजेपर्यंत उघडं असतं तेही आजच विचारून घ्या.

आणखी एक, मालकांना बीपीची गोळी चालू आहे का? एटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. त्या गोळ्या चालू असताना ॲड्रेनलिन नीट लागू पडत नाही, गोळी बदलायची का ते त्यांना ठरवू द्या. स्वतःहून मात्र बंद करू नका.