बातमीत जहाज बंदराबाहेर ‘नांगरून ठेवले’ असं वाचलं, म्हणजे काय? नांगर तर शेतात असतो ना?

तुमच्यासारखाच प्रश्न मला शाळेत पडला होता. यवतमाळकडचं आमचं गाव. धड्यात ‘बंदरात गलबते नांगरली होती’ असं वाक्य आलं, आणि मी पाण्यात नांगराचे तास, म्हणजे चर, पडताना डोळ्यांसमोर आणू लागलो.

समुद्रावरचा नांगर म्हणजे जहाज एका जागी धरून ठेवणारा लोखंडी आकडा. हिंदीत त्याला लंगर म्हणतात, तो फारसी शब्द. शेतातला नांगर संस्कृत ‘लाङ्गल’वरून आला. ल आणि न यांची अदलाबदल आपल्याला नवी नाही, पुणेकरांचं लिंबू आपल्याकडे निंबूच असतं.

पण शब्द सारखा असणं मला वरवरचं वाटत नाही, कारण कामही मिळतंजुळतं आहे. बहुतेकांना वाटतं, नांगर जड असतो म्हणून जहाज थांबतं. तसं नाही. वजनावर काम भागतं ते आमच्या तलावातल्या डोंग्याचं, म्हणजे छोट्या होडीचं; दोराला दगड बांधला की झालं. जहाजाचा नांगर तळाच्या वाळूत किंवा चिखलात रुततो, अगदी फाळ जमिनीत घुसतो तसा. त्यासाठी ओढ आडवी लागते. म्हणून साखळी पाण्याच्या खोलीइतकीच सोडत नाहीत, साधारण पाच-सात पट सोडतात. तिचा बराच भाग तळावर पडून राहतो आणि जहाज हिसके देत असलं तरी नांगराला ओढ आडवीच बसते. निघताना जहाज नांगराच्या डोक्यावर आणून साखळी सरळ वर ओढली की तो सुटतो. नुसत्या खडकाळ तळावर मात्र त्याचा भरवसा नाही. आपल्या बरड जमिनीत फाळाचं काय होतं ते आठवा!

वापराचं म्हणाल तर नांगर टाकणे, नांगर उचलणे हे जहाजाचं. नांगर धरणे, जुंपणे, हाकणे हे शेताचं. ‘नांगरणे’ दोन्हीकडे चालतं, तिथे कर्म पाहायचं: शेत नांगरलं म्हणजे उलथलं, जहाज नांगरलं म्हणजे थांबवलं. नांगरणी, नांगरट हे शब्द मात्र शेताचेच, जहाजाची नांगरट होत नाही. तुमच्या बातमीतलं जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभं आहे, बहुधा धक्क्यावर जागा मोकळी होण्याची वाट पाहत.