वस्तीत नव्याने काम सुरू करणाऱ्यास

पिंपरी-चिंचवडमधील बांधकाम मजुरांच्या वस्तीत तुम्ही काम सुरू करत आहात, म्हणून अनुभवातून थोडे सांगतो. बिहार, झारखंड, उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबांसाठी पहिल्याच महिन्यात स्नेहमेळावा भरवण्याचा मोह आवरा. अशा मेळाव्यांना भाषणे करणारेच अधिक येतात. त्याऐवजी मुलांच्या शाळाप्रवेशापासून सुरुवात करा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि मुलाला वयानुरूप वर्गात घ्यावे लागते. परंतु हे मुख्याध्यापकांसमोर शांतपणे मांडण्यासाठी पालकांसोबत मराठी बोलणारे कोणीतरी लागते, आणि ते काम स्थानिक तरुण उत्तम करतात.

त्या तरुणांना ‘समाजसेवेला या’ असे मोघम सांगू नका. गणेश मंडळाच्या कार्यकर्त्यांना सायंकाळी तासभर मराठी शिकवायला सांगा, तेही बाराखडीपासून नव्हे, तर बसथांबा, दवाखाना, किराणा आणि मजुरीचा हिशेब यांपासून. शिकवणाऱ्यानेही थोडी भोजपुरी शिकावी; त्याच्या उच्चारांवर वर्ग हसला की शिकणाऱ्यांची भीड चेपते. क्रिकेटचे संघ मात्र चिठ्ठ्या टाकूनच पाडा. आमच्या पहिल्या स्पर्धेत ते गावानुसार पडले आणि तिसऱ्याच षटकात हाणामारी झाली.

वर्षात ९० दिवस काम केलेल्या मजुरांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होते. त्या दिवसांच्या प्रमाणपत्रासाठी ठेकेदाराकडे खेटे घालण्याची तयारी ठेवा. छठपूजेला पाहुण्यासारखे खुर्चीवर बसण्यापेक्षा आदल्या दिवशी मुलांना घेऊन घाट झाडायला जा.